शेवटच्या बोटीचे पाहुणे

सकाळच्या बोटीने मुंबईहून निघायचं, दुपारी नागावच्या पाण्यात उतरायचं आणि संध्याकाळी मांडव्याहून शेवटची बोट धरून परत यायचं, याला माझे मामा ‘समुद्राला शिवून जाणं’ म्हणतात आणि ते त्यांना मनापासून खटकतं. मला खटकत नाही. अष्टागराच्या या किनाऱ्यावर जी माणसं येतात त्यांत दिवसाचा पाहुणा सगळ्यांत कमी नेतो आणि सगळ्यांत जास्त गरजू असतो, असं माझं मत आहे. वाद जुना आहे. यंदा माघ वद्य पंचमीच्या रविवारी नागावला गेले तेव्हा तो मिटला नाही, पण मुळात कशावरून आहे ते दोघांनाही नीट कळलं.

मामांची वाडी रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. वर माड, त्यांच्याखाली पोफळी, त्यांच्याखाली केळी आणि मिरीचे वेल. समुद्राकडच्या अंगाला मात्र मोठी उघडीप आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं, त्या एका दुपारीत तिथल्या पोफळी गेल्या. केळीच्या सावलीत नवी रोपं लावली, ती आता डोक्यावर गेली आहेत. पण पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मामा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. मी समोर.

“तुमचं बोटीपासूनच सुरू होतं,” मामा म्हणाले. “गेटवे मागे पडली की वेफर्सची पुडी फोडायची आणि सीगलना भरवायचं. तो पक्षी थंडीपुरता कुठून कुठून इथं येतो, मासे खाऊन जगायला. त्याला तुम्ही खारट वेफर्स घालता, फोटो काढता आणि पुडी पाण्यात सोडता. उधाणाला ती माझ्या कुंपणाशी येऊन लागते.”

“पुडी टाकणाऱ्याला दंड करा, मामा. त्याची बाजू मी घेतच नाही. पण त्याच बोटीत परळच्या चाळीतली एक बाई बसलेली असते. घरात सहा माणसं, सोमवारी पहाटे उठून पाणी भरायचंय. दोन दिवसांचं हॉटेल तिला परवडत नाही आणि परवडलं तरी घर तिला दोन दिवस सोडत नाही. तिच्या वाट्याला एकच दिवस आहे. तो तिने इथं घालवला तर तुमचं काय जातं?”

“मुंबईला समुद्र नाही का? गिरगाव आहे, दादर आहे, जुहू आहे.”

“तिथं ती बाकावर बसून भेळ खाते. पाण्यात जात नाही. ते पाणी पाण्यात जाण्यासारखं नाही, आणि ओळखीचं कोणीतरी बघत असतंच. इथं तुमच्या वाळूवर मी बायका पाहिल्यात, पन्नाशीच्या, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन लाटेत उभ्या राहतात आणि मोठ्याने हसतात. मामी, तू पाहिल्या नाहीस?”

मामी आतून म्हणाली, “पाहते की. ओल्या साड्या माझ्याच दोरीवर वाळतात.”

मामांनी सुपल्यातली सुपारी बाजूला सारली. त्यांना मामीचं मधे बोलणं आवडलं नाही असं नव्हे. पण तिचं म्हणणं पुढे जड जाणार हे त्यांना माहीत असतं.

“या गावाचा आणि मुंबईचा संबंध सहलीचा कधी नव्हताच,” ते म्हणाले. “तो चाकरमान्याचा घरी येण्याचा रस्ता होता. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. अमावास्येचा दिवस, लोक सणाला घरी येत होते. सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घातल्या म्हणून जी काही वाचली ती वाचली. या पाण्याने या लोकांकडून काय काय घेतलंय ते तुझ्या शिवून जाणाऱ्याला ठाऊक तरी असतं का?”

“नसतं. पण इथं बंगला बांधून बसलेल्याला असतं का?”

“त्याचं मला सांगू नकोस. आपण तुझ्या रविवारवाल्यांचं बोलतोय.”

मग मामांनी तिथीचा विषय काढला. त्यांच्या बाजूतला हा सगळ्यांत भक्कम भाग आहे आणि तो मी इथं जसाच्या तसा देते, कारण समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला तो यायला हवा. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वा अकरा. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा धड भरत नाही आणि धड ओसरतही नाही.

“काल संकष्टी होती,” मामा म्हणाले. “मुंबईची माणसं अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला आली असणार. चतुर्थीची भरती तीनची, म्हणजे ओहोटी नऊची. नऊला वाळूतून चालत जायचं, दर्शन घ्यायचं आणि तासाभरात परत फिरायचं. हे लोक अकराला पोहोचतात. किल्ला शिवाजी महाराजांनी पाण्यात बांधायला घेतला तोच मुळी अशासाठी, की भरतीला कुणाला चालत येता येऊ नये. आंग्र्यांच्या काळात शत्रू त्या पाण्याकडे बघून बेत करत होता. यांना वाटतं पाणी आपल्या सुट्टीच्या हिशोबाने थांबेल.”

दुपारी आम्ही वाळूवर गेलो तेव्हा मामांना हवं तेच समोर दिसलं. पंचमी, म्हणजे भरती पावणेचारची. बारा वाजून गेले होते आणि पाणी चढत होतं. एक पांढरी मोटार ओल्या वाळूत पुढच्या चाकांपर्यंत रुतली होती. चालवणारा गडी घाबरून ॲक्सिलरेटर दाबत होता आणि प्रत्येक दाबासरशी चाक आणखी दोन बोटं खाली जात होतं. गावातला ट्रॅक्टर आला, त्याने आधी लांब उभं राहून पैसे ठरवले, मग दोर बांधला. मागच्या सीटवरची मुलं खाली उतरवली होती. त्यातल्या लहान्याच्या पायाला लाट लागली तसा तो खिदळायला लागला, आणि त्याच्या आईने त्याला असा ओढला की तो रडायलाच लागला. गाडी निघाली. चाकांच्या खळग्यांत पाणी भरलं.

“रो-रोने आलेली,” मामा म्हणाले. “मार्च २०२० पासून गाडी बोटीत घालून आणता येते. त्याआधी निदान पायी उतरत होती माणसं. आणि २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. शिवडीला चढलं की खाडी पार. आता रेवस-कारंजा पूल झाला की मग बघायलाच नको.”

“गाडीवाल्याला मी माझ्या बाजूला घेतच नाही, मामा. माझा माणूस मांडव्याला उतरतो, अलिबागच्या बसमध्ये बसतो आणि तिथून मिनीडोर रिक्षाने तुमच्या फाट्यावर येतो. तो वाळूत गाडी घालू शकत नाही, कारण त्याच्याकडे गाडीच नाही. तुम्ही दोघांना एका टोपलीत घालता.”

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्यटकांविषयी बोलताना आपण सगळ्यांना एकच चेहरा देतो आणि मग राग काढायला सगळ्यांत सोपा जो असतो, उघड्यावर बसून डबा खाणारा, त्याच्यावर काढतो. कुंपणाच्या आत जे चालतं ते दिसतच नाही.

वाडीत परतल्यावरही मामा मात्र बधले नाहीत. “ठीक, तुझा माणूस पायी येतो. पण त्याला काय दिसतं? आक्षीवरून येताना शके ९३४ चा शिलालेख राहतो त्याचा. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी देवीच्या बोडणासाठी धान्य लावून दिलं त्याची नोंद, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी. रिक्षा थांबत नाही. पोपटी त्याला मिळत नाही, कारण वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून शेतात जाळ लावायचा तो दिवेलागणीनंतर, आणि तेव्हा हा मांडव्याच्या रांगेत उभा असतो. गाव कळायला राहावं लागतं. सलीम अली किहीमला आले तेव्हा काय दुपारच्या बोटीने परत गेले? १९३० चा पावसाळा राहिले. सुगरण पक्ष्यांकडे बघत तासन् तास बसले, तेव्हा कळलं की घरटं विणतो तो नर, अर्धं विणून झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग हाच गडी दुसरं घरटं विणायला घेतो. एका दिवसात त्यांना काय दिसलं असतं? झाडाला लटकलेलं गवत.”

“सगळ्यांनी सलीम अली व्हायचं का?”

“नाही. पण राहिलं की माणूस गावाचा होतो. बेने इस्रायलांचं बघ. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं त्यांच्यात सांगत आलेत. समुद्राने टाकलेली माणसं. राहिली, तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले. आणि आडनावं काय झाली? किहीमकर, पेणकर, रोहेकर. इतकी इथली झाली. तुझ्या बोटवाल्याचं आडनाव कधी नागावकर होईल का?”

उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. हा दाखला खरा आहे आणि सुंदर आहे. पण तो मामांच्या बाजूने जितका आहे तितकाच माझ्या बाजूनेही आहे.

“ते घाणा घेऊन राहिले, मामा. गावाने तीळ आणले, त्यांनी तेल दिलं. दोघांचं एकमेकांवाचून अडत होतं. आता जे राहायला येतात त्यांचं तुमच्यावाचून काय अडतं? तुमच्या उत्तरेच्या कुंपणापलीकडे काय आहे ते सांगा.”

मामा गप्प राहिले. त्या कुंपणापलीकडे पूर्वी वाडीच होती. ‘निसर्ग’नंतर मालकाला पुन्हा पोफळी लावून सात वर्षं थांबणं शक्य नव्हतं, मुलं पनवेलला नोकरीला. त्याने विकली. आता तिथं दीड पुरुष उंचीची भिंत आहे, वर कॅमेरे आहेत, आत पोहण्याचा निळा तलाव आहे. समुद्रापासून दोनशे पावलांवर. वर्षातले बहुतेक दिवस बंगला बंद असतो, उरलेल्या दिवसांत शनिवार-रविवारी भाड्याने जातो.

“विहिरीचं पाणी दाखवा ना मला,” मी म्हणाले.

मामांनी दाखवलं नाही, सांगितलं. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाचं मुरलेलं गोडं हलकं, म्हणून वर. रहाटाने उपसायचे तोवर दिवसभरात जेवढं काढलं तेवढं रात्रीतून भरून यायचं. बोअरला पंप लावून तलाव भरला की वरचा गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर सरकतं. मामांच्या विहिरीचं पाणी गेली काही वर्षं चैत्रात मचूळ लागतं. पोफळीला ते चालत नाही, पानांची टोकं करपतात.

“हे परळच्या बाईने केलं का?” मी विचारलं. “ती तुमच्याकडून घेते काय? एक हंडा पाणी हातपाय धुवायला. संध्याकाळी जाते, तुमची विहीर तुम्हाला परत मिळते. जे गाव आवडलं म्हणून विकत घेतात त्यांच्यापासून गाव परत मिळत नाही. आणि तुम्ही म्हणता, राहिलं की माणूस गावाचा होतो. किहीमला समुद्राला लागून बांधलेला एक बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. त्याचा मालकही राहायलाच आला होता.”

“माणसं विकतात म्हणून माणसं घेतात,” मामा हळू आवाजात म्हणाले. “तू घेणाऱ्यावर सगळं ढकलू नकोस. चरी इथून कितीशी लांब? १९३३ ला तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून ठरवलं. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. १९३९ पर्यंत संप चालला. सहा वर्षं! भाताची शेतं पडीक ठेवून, मिळेल त्यावर पोट भरून राहिली माणसं, पण हटली नाहीत. कसेल त्याची जमीन, हे त्यांनी उपाशी राहून मिळवून दिलं. आता त्याच तालुक्यात आम्ही ती गुंठ्याच्या भावाने देतोय. आणि मला विचारशील तर मलाही विचारणा झालीये.”

हे मला माहीत नव्हतं. समुद्राकडची, उघडीप असलेली जागा. पोफळीची नवी रोपं जिथं आहेत तीच.

“तुम्ही काय म्हणालात?”

“अजून काही नाही. रोपं धरायला दोन-तीन वर्षं आहेत अजून. पुन्हा एखादं वादळ आलं तर? विकू नका म्हणणं तुला सोपं आहे, तू संध्याकाळी बोटीत बसशील.”

हा घाव बरोबर लागला. दिवसाच्या पाहुण्याची बाजू मांडणाऱ्याला हे ऐकून घ्यावंच लागतं, की गावाने वाडी राखावी असं म्हणायला त्याला काही पदरचं घालावं लागत नाही. माझं मत त्याने बदललं नाही. पण ज्या वाडीच्या सावलीत बसून आपण एक दिवस मोकळा श्वास घेतो ती टिकवण्याचा खर्च कोण करतं, हा प्रश्न पाहुण्याचाही आहे, हे मला त्या क्षणी जास्त स्पष्ट झालं.

उत्तर द्यायला मामीच आली. हात पिठाचे, पदर खोचलेला.

“खर्चाचं मी सांगते,” ती म्हणाली. “वादळानंतर तीन वर्षं हे घर सुपारीवर चाललं नाही, माझ्या भाकरीवर चाललं. आणि भाकरी खाल्ली कोणी? पलीकडच्या बंगल्यात येणाऱ्यांचं सगळं मुंबईहून येतं, कोथिंबीरसुद्धा. स्वयंपाकी बरोबर असतो. माझ्याकडे जेवतात ते हिचे बोटवाले. तांदळाची भाकरी, बोंबील, वालाचं बिरडं, सोलकढी. रविवारी तीस-चाळीस पानं होतात. जाताना पांढऱ्या कांद्याची एकेक माळ घेतात.”

“आणि रस्त्यावर बाहेरचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवतात तोही घेतात,” मामा म्हणाले. “आपल्या कांद्याला मानांकन मिळालं, पण ह्यांना गोडी कळते कुठं?”

“माझ्या दारात घेतील तर आपलाच मिळेल. मी सांगते त्यांना, आपल्या कार्ले-खंडाळ्याचा कसा ओळखायचा. ऐकतात. तुम्ही एकदा तरी कुणाशी बोललात का, नुसते कुंपणातून बघता ते?”

मामीने भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे ठेवलं. तिच्याकडे मुंबईच्या दोन महिला मंडळांची आणि एका कारखान्यातल्या लोकांची मागणी आली होती, पुढच्या महिनाभरातले रविवार हवे होते. मामांचा तिथीचा हिशोब तिला लग्न होऊन आल्यापासून येतो. तो पाहुण्यांच्या कामी आणावा हे तिला त्या दुपारी सुचलं. तिने पेन्सिल घेतली. पुढचे रविवार आले ते माघ वद्य द्वादशी, फाल्गुन शुद्ध चतुर्थी, शुद्ध एकादशी आणि वद्य तृतीया.

“चतुर्थीला भरती तीनला, तृतीयेला सव्वादोनला. जेवून पाण्यात जातील आणि पाणी अंगावर येईल. हे दोन रविवार घेत नाही,” ती म्हणाली आणि तिने फुल्या मारल्या.

मामा खुर्ची ओढून जवळ आले. “उलटं करतेस. चढत्या पाण्यात अडकतो तो गाडीवाला. त्याला ट्रॅक्टर आहे. पोहणारा जातो तो उतरत्या पाण्यात. द्वादशीची भरती नऊला, म्हणजे बारा-एकला पाणी आत ओढत असतं, आणि वरून ते शांत दिसतं. एकादशीचंही तेच.”

“मग चारही रविवार गेले. मी पानं कुणाला वाढू?”

“रविवार का घालवतेस? वेळ फिरव. द्वादशीला त्यांना बाराला जेवायला बसव, वाडी दाखव, कांदा निवडायला बसव, शिलालेख दाखवून आण. तीनला पाणी उतरून थांबतं. तेव्हा पाण्यात सोड, गुडघ्यापर्यंत, तासभर. एकादशीला सव्वादोन. तिथून कपडे बदलून मांडवा गाठता येतं त्यांना.”

“आणि चतुर्थीला?” मी विचारलं.

“चतुर्थीला ओहोटी नऊची. नऊ-दहाला पाण्यातून बाहेर, अकराला न्याहारी, एकला जेवण. दुपारी वाळूवर कुणी नाही. तृतीयेला तर आणखी पाऊण तास आधी, त्या दिवशी पोहणं नकोच, नुसतं जेवायला बोलव.” त्यांनी मामीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या दोन फुल्यांपैकी एक खोडली. “चतुर्थीवाल्यांना फोनवरच नीट सांग. पहिली बोट चुकली तर निघू नका म्हणावं.”